ड्रम्सवर : एक मित्र

बावन्न वर्षांचा झाला, डोक्यावर केस नावापुरते उरले, तरी दुकानात सगळे त्याला धाकटाच म्हणत. दुकान फरशांचं आणि नळांचं. थोरल्या भावाचं टेबल धाकट्याच्या टेबलाला इतकं चिकटून, की एकाने जांभई गिळली तरी दुसऱ्याला कळावी. सव्वीस वर्षं तिथे बसून धाकटा लोकांना गुळगुळीत आणि खरखरीत फरशीतला फरक समजावत होता आणि पार विटला होता.

त्या दुपारी एक बाई आली. फरशी बघायला नव्हे. तिने पिशवीतून एक रेकॉर्ड काढली. ऑल्टरनेटिव्ह रॉक वाजवणाऱ्या एका बँडच्या सव्वीस वर्षांपूर्वीच्या कार्यक्रमाची, जशीच्या तशी रेकॉर्ड केलेली. तीनशेच निघाल्या होत्या. आता औषधालाही सापडत नाहीत. वेष्टणावर सगळ्यांची नावं होती, ड्रम्सपुढे मात्र 'एक मित्र'.

"चौथ्या गाण्यात हा मित्र एक ठोका आधीच घुसतो," बाई हसून म्हणाली, "आणि बाकीचे धावतपळत त्याला गाठतात. त्या चुकीवर तर लोक जीव टाकतात! आता रेकॉर्ड पुन्हा निघतेय. गायकाने तुमचा पत्ता दिला, पण म्हणाला, नाव छापायचं की नाही ते त्यालाच विचारा. उद्या वेष्टण छापायला जाईल. तुम्हीच ना?"

तो मित्र म्हणजे धाकटाच. कार्यक्रमाच्या संध्याकाळी तो दादाला 'गोदामात माल मोजतो' सांगून सटकला होता. सारखं घड्याळाकडे बघताना ठोका चुकला, आणि थाप उघडी पडू नये म्हणून नावही छापू दिलं नाही. आता नुसतं 'हो' म्हणायचं होतं. शेजारी दादा पेन खाली ठेवून ऐकत होता.

"छे हो! मला टाळीसुद्धा तालात वाजवता येत नाही."

बाई माफी मागून गेली. ती रस्ता ओलांडेपर्यंत धाकटा काचेतून बघत राहिला. स्वतःचा इतका राग त्याला कधीच आला नव्हता.

"हो म्हणायचंस की," दादा म्हणाला. "तूच होतास. गोदामात दिसला नाहीस, म्हणून विचारत विचारत त्या कार्यक्रमाला आलो होतो. मागच्या भिंतीशी उभा होतो, शेवटपर्यंत."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीस?"

"काय बोलणार? फार छान वाजवत होतास रे. हातचा जाणार, हे दिसतच होतं. म्हणून तर पुढच्याच आठवड्यात तुला भागीदार करून इथे बसवलं."

दारात एक जोडपं बाथरूमच्या फरशा विचारत होतं. दादाने सवयीने धाकट्याकडे बोट दाखवलं, आणि धाकटा उठला.