आठ एमबीतलं माहेर

जुने मित्र जमले की चहा गार होतो आणि आमच्या जळगावच्या कॉम्प्युटर क्लासचे किस्से सुरू होतात. क्लास केव्हाच बंद झाला. किस्से मात्र दरवर्षी एकदोनने वाढतात. कसे, ते माझ्या पार्टनरला, दिलीपलाच विचारा!

नव्वदच्या दशकातली गोष्ट. पोरांना टायपिंग शिकवून झालं की आम्ही फ्लाइट सिम्युलेटर लावायचो, म्हणजे कॉम्प्युटरवर विमान चालवायचं. त्यातली जमीन सगळी परदेशातली! दिलीपने फोटो स्कॅन करून तिथे खानदेश बसवायला घेतला. रॅम फक्त आठ एमबी. तो वर्गात समजावायचा, "रॅम म्हणजे ओटा आणि हार्ड डिस्क म्हणजे कोठीची खोली. लागेल तेवढंच ओट्यावर काढायचं."

एक मुलगी म्हणाली, "सर, मग तुमचा ओटा सदा भरलेला कसा? कोणी आवरत नाही का?"

*

जागा वाचवायला दिलीपने केळीच्या एकाच बागेचा फोटो अख्ख्या जिल्ह्यावर अंथरला. मुलीला न्यायला आलेले चोपड्याचे एक शेतकरी स्क्रीन बघून दचकलेच. "आमनी कपाशी कोठे गयी?"

"भाऊ, कपाशीला जागा नाही."

"मंग इतल्या केळीस्ले पानी कोठून उनं?"

*

आमचे खरे पायलट म्हणजे नाना. भुसावळचे रिटायर्ड इंजिन ड्रायव्हर, रोज पॅसेंजरने यायचे. विमान जोरात नेलं की पुढची जमीन करडी दिसायची, कारण फोटो कोठीतून ओट्यावर यायला वेळ लागायचा. आम्ही रॅम वाढवायच्या गप्पा मारत बसलो. नानांनी नुसता वेग कमी केला आणि जमीन वेळेवर हिरवी!

"पुढचा सिग्नल दिसत नसेल तर गाडी हळू. एवढं तर कोळसा टाकणाऱ्या फायरमनलाही कळतं!"

*

नानांचा एकच हट्ट होता. बायकोला, म्हणजे अक्कांना, त्यांचं माहेर वरून दाखवायचं. आता अक्कांचे गुडघे चालत नव्हते, आणि चालत होते तेव्हा नानांना रजा नव्हती. "चाळीस वर्षं लोकांना गावी पोचवलं, हिलाच राहून गेलं," असं ते म्हणायचे.

दिलीप चोपड्याजवळच्या त्या खेड्यात जाऊन घराचा समोरून फोटो घेऊन आला. पण आता कोठीतही जागा नाही! नानांच्याच आग्रहाने बसवलेलं भुसावळचं इंजिन शेड काढलं तरच घर मावणार होतं. विचारायची आमची हिंमत होईना.

आमची कुजबुज ऐकून नानाच दिलीपला म्हणाले, "काढ. तिथली ड्युटी संपली माझी."

*

अक्का आल्या, नानांशेजारी पदर सावरून बसल्या. विमान उडालं, तापी ओलांडली. आणि हौसेच्या भरात नाना स्वतःचाच नियम विसरले! फोटो येईपर्यंत विमान गावाच्या पुढे.

"मन्हं गाव कोठे शे?"

"मांगे गयं."

"नेहमीनंच शे तुमनं!"

नानांनी विमान वळवलं. गावावर येताच पॉजचं बटण दाबलं. विमान हवेत जागच्या जागी उभं राहिलं. हार्ड डिस्क कुरकुरत राहिली. आधी करडी जमीन, मग केळी, मग घर. अक्का पार काचेपर्यंत वाकल्या.

"दार बंद शे. बठ्ठा लोक वावरमा गया व्हतीन."

नानांनी बटणावरचा हात काढला आणि खुर्चीतच मांडी घातली.

"मंग थांबूत. येतीन."