आतून न घासलेला गडू

गणपतीआधी कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटच्या घरात पूजेची भांडी चिंचेने घासताना एक तांब्याचा गडू मी बाहेरूनच घासतो. आतलं पांढुरकं पूट तसंच ठेवतो. चिंचेच्या आंबट वासात मी कित्येक वर्षांपूर्वीच्या सहलीत, अलास्कात पोचतो.

नव्या नदीचं पाणी देवघरात आणायचं, हा माझ्या बायकोचा, सुनंदाचा नेम. पण हिमनदीतून निघालेलं ते पाणी ताकासारखं होतं. ओढणीतून दोनदा गाळलं तरी तसंच.

"आई, तो रॉक आहे. बर्फाने ग्राइंड केलेला," आमची दहा वर्षांची मुग्धा म्हणाली.

म्हाताऱ्या गाइडच्या लहानपणी तिथे नदी नव्हतीच, नुसता बर्फ होता. ऐकून मी खिन्न झालो. तेवढ्यात उथळ पाण्यातून एक लाल पाठ प्रवाहाविरुद्ध वर सरकली. सॅमन. गाइड गुडघ्यांवर बसला. इथवर आलेला मासा तो पहिल्यांदाच बघत होता.

सुनंदाने भरलेला गडू नदीत ओतला. "नदीलाच लागेल हे पाणी," म्हणाली. मला तेव्हा हसू आलं होतं.

आज भांडी घासतानाच मुग्धाने पाठवलेला त्याच नदीचा व्हिडिओ आला. ती आता नद्यांवरच काम करते. बर्फ पार डोंगरामागे गेलाय, पाणी निवळलंय आणि त्यात लाल पाठींची दाटी झालीय.

सुनंदाने तो दोनदा पाहिला आणि गडू माझ्या हातातून घेतला.

"पुरलं की नाही?"