न झाडलेलं घर

माझी मुलगी आयर्लंडमधल्या एका लहानशा गावच्या दवाखान्यात नर्स होती. "दोन वर्षं करते आणि येते," असं सांगून गेली, त्याला चार वर्षं झाली. यंदा दिवाळीच्या सुमारास तिचा फोन आला की खोली सोडलीय, सगळं सामान घेऊन येतेय, आणि बरोबर घरमालकीणही आहे. घरमालकिणीचं मला काही वाटलं नाही. ऐंशीच्या घरातली बाई, तिला मरायच्या आधी अजिंठा बघायचा होता. सामानाचा अर्थ मात्र मी माझ्या सोयीनं लावला. मागची खोली रंगवून घेतली, माझी इतिहासाची पुस्तकं दिवाणात कोंबली आणि ओळखीच्या दोन डॉक्टरांच्या कानावर घालून ठेवलं की अनुभवी नर्स येतेय.

आल्याच्या दुसऱ्या दिवशी पोहे खाता खाता तिनं सांगितलं. ऑस्ट्रेलियात, पर्थला, नोकरी लागली होती. व्हिसा झाला होता, तिकीटही काढलं होतं.

"पण तू नको म्हण, आई, मी तिकीट फिरवते. खरंच. तुझ्या तोंडून हो आल्याशिवाय मी जाणार नाही."

हा शुद्ध छळ होता. भांडून गेली असती तर मी चार दिवस धुसफुसले असते आणि गप्प बसले असते. तिनं निवाडाच माझ्या पदरात टाकला. मी सारा जन्म शाळेत इतिहास शिकवलाय. उत्तर द्यायचं नसलं की काय म्हणायचं ते मला ठाऊक आहे. म्हटलं, "बघू."

नवऱ्यानं विचारलं, "ऑस्ट्रेलिया आयर्लंडपेक्षा लांब हाय का जवळ?"

"इथून सारखंच पडतं, पप्पा."

"मंग काय फरक पडायला?" असं म्हणून तो फुलंब्रीला शेताकडं निघून गेला. त्याचं बरं असतं. त्याला किलोमीटर कळतात. आयर्लंडला जाताना पोरगी दोन वर्षं म्हणाली होती. पर्थला किती वर्षं, हे ती बोललीच नव्हती, आणि मला तेवढंच ऐकू आलं होतं.

पर्थच का, हेही तिनं समजावलं. तिच्या वॉर्डातल्या आयरिश पोरी एकेक करून ऑस्ट्रेलियाला गेल्या. कुणाची मावशी सिडनीत, कुणाचा मामा पर्थमध्ये, कुणाची आत्या अमेरिकेत. इंग्लंडला तर त्या लोकांना व्हिसाही लागत नाही, आपण फुलंब्रीहून पुण्याला जावं तसे जातात. शंभर-दीडशे वर्षांत अर्धा देश बाहेर गेला, त्यामुळं इंग्रजी बोलणाऱ्या प्रत्येक मुलखात त्यांचं कुणी ना कुणी चहा टाकायला हजर. त्या पोरींच्या रिकाम्या जागांवर आमच्या पोरी गेल्या. आणि आयर्लंडात नर्स म्हणून नोंदणी झाली की ऑस्ट्रेलियाचं दार अर्धं उघडतं, म्हणून आता आमच्याही त्यांच्या मागोमाग निघाल्या. मी वर्गात आयर्लंडला अर्धा तास द्यायचे. बटाट्याचं पीक कुजलं, लोक उपाशी मेले, उरलेले जहाजात बसले, पान उलटा. ते जहाज अजून चालूच आहे आणि त्यात माझी मुलगी बसलीय, हे काही पुस्तकात नव्हतं.

आजीबाई—आम्ही सगळे त्यांना तसंच म्हणायला लागलो—हाडानं काटक आणि बोलायला बिनधास्त होत्या. त्यांचं इंग्रजी मला निम्मं कळायचं, उरलेलं पोरगी सांगायची. जेवताना तिखट लागलं की नाक पुसत पुसत खायच्या, पण ताट पुढं करायच्याच. नवऱ्यानं त्यांना "लई भारी" एवढे दोन शब्द शिकवले होते आणि त्या ते भाजीलाही लावायच्या, रस्त्यातल्या खड्ड्यांनाही.

आम्ही तिघी गाडी करून अजिंठ्याला निघालो. सिल्लोडला रस्त्याच्या कडेनं मका वाळत घातला होता, नुसता पिवळा पट्टा. आजीबाईंनी गाडी थांबवायला लावली. खाली उतरून मूठभर दाणे हातात घेतले आणि म्हणाल्या, "हे आम्हाला अमेरिकेतून यायचं. दुष्काळात. बटाटे गेले तेव्हा सरकारनं मका वाटला. आमच्या लोकांना तो शिजवता येत नव्हता, पोटं दुखायची. माझ्या आजीनं तो दुष्काळ नुसता ऐकलेला, तरी ती मका घरात येऊ द्यायची नाही."

मी म्हटलं, आम्हाला मिलो यायचा. बहात्तरच्या दुष्काळात मी शाळकरी पोर होते. अमेरिकेची लालसर ज्वारी रेशनवर मिळायची, भाकरी थापायला गेलं की तुटायची. माझ्या आईनंही पुढं कधी तसली भाकरी केली नाही, पण मिलोचं नाव काढलं की शिवी द्यायची. आजीबाईंनी ती शिवी काय होती ते विचारलं. मी सांगितली. पोरीनं त्याचं इंग्रजी करायला नकार दिला.

लेणी बघून खाली फर्दापूरला आलो तेव्हा दुपार कलली होती. चहाच्या टपरीसमोरच्या बाकावर बसलो. आजीबाईंचे पाय सुजले होते, पण चेहरा समाधानी होता. कशावरून तरी विषय पोरीच्या जाण्यावर आला आणि मी पुन्हा "बघू" म्हटलं. आजीबाईंनी माझ्याकडं बघितलं आणि त्यांच्या थोरल्या बहिणीची गोष्ट सांगितली.

त्यांच्याकडं माणूस मेलं की पुरायच्या आधी सगळा गोतावळा प्रेतापाशी रात्रभर जागतो. पूर्वी कुणी अमेरिकेला निघालं की त्याच्यासाठीही तशीच रात्र करायचे. गावातली माणसं यायची, चुलीत जळण घालायची, बाजा वाजायचा, चहा आणि दारू फिरायची. म्हाताऱ्या बाया मयताला रडतात तसं गळा काढून रडायच्या, आणि ज्याच्यासाठी रडायचं तो त्यांच्यातच नाचत असायचा. कारण गेलेला परत येत नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांची थोरली बहीण गेली तोवर ही चाल संपत आली होती, पण आईनं हट्टानं केली.

"मी तेव्हा शाळेतही जात नव्हते," आजीबाई म्हणाल्या. "मला वाटलं जत्रा आहे. मी बहिणीबरोबर खूप नाचले. उजाडल्यावर सगळे तिला गावाबाहेरच्या वळणापर्यंत सोडायला गेले."

"मग ती परत आली?"

"एकदा. केस पांढरे झाल्यावर. माझ्यासारखं बोलत नव्हती ती तेव्हा, अमेरिकनांसारखं बोलायची." मग बोटांवर मोजत त्यांनी पुढचं सांगितलं: एक भाऊ सिडनी, एक टोरांटो, एक बहीण मँचेस्टर. शेंडेफळ म्हणून आईपाशी त्या राहिल्या.

मला राग आला. कुणाचा ते सांगता यायचं नाही. मी विचारलं, "जिवंत लेकरासाठी असं रडून मिळालं काय तुमच्या आईला?"

पोरीनं ते जरा सौम्य करून सांगितलं असावं. आजीबाई म्हणाल्या, "काही नाही. पण रडायचं राहिलं नव्हतं तिचं."

परतीच्या रस्त्यावर मी खिडकीतून बाहेर बघत होते. आमच्याकडं सगळं याच्या उलट. निघालेल्या माणसानं "जाते" म्हणायचं नाही, "येते" म्हणायचं. हातावर दही घालायचं. दारात डोळ्यांतून पाणी काढायचं नाही, मागून हाक मारायची नाही. माणूस घराबाहेर पडला की पोचल्याचा निरोप येईपर्यंत घर झाडायचं नाही, डोक्यावरून न्हायचं नाही, कारण ते सगळं मयतानंतरचं आहे. कुणी गेलंच नाही असं घरानं वागायचं. इतिहास शिकवणारी म्हणून मी पुष्कळ रूढींची टर उडवली, पण ही पाळत आले. आणि चार वर्षं पाळता पाळता मी कधी पोरीला सरळ विचारलंच नव्हतं.

घरी आल्यावर दिवेलागणीला विचारलं. नवरा टीव्हीसमोर शेंगा फोडत होता, आजीबाई पाय बादलीत सोडून बसल्या होत्या.

"तू परत यायची नाहीस ना?"

पोरगी माझ्याजवळ येऊन बसली. मग म्हणाली, "नाही वाटत, आई. भेटायला येईन. राहायला नाही."

मी रडले. तोंडाला पदर लावून नाही, माझी आई गेली तेव्हा रडले होते तशी, आवाज काढून. शेजारच्या बाईंनी गॅलरीतून डोकावून बघितलं. पोरगी माझ्या मांडीत डोकं घालून रडायला लागली.

नवरा उठून उभाच राहिला. "अगं, येडी झालीस का? ती जायच्या आधी असं रडायलीस! कसलं अभद्र हे!"

"रडू द्या मला. गेल्यावर रडायचं नाही ना? मग आत्ता रडते."

तो शेंगांची फोलपटं हातात तशीच धरून आमच्याजवळ येऊन बसला आणि थोड्या वेळानं तोही रडला. आजीबाई ओल्या पायांनी स्वयंपाकघरात गेल्या आणि चहा करून आणला. तो इतका कडू होता की रडणं आपोआप थांबलं.

मग मी म्हटलं, "जा."

"असं म्हणू नाय गं," नवरा म्हणाला.

"जा," मी पुन्हा म्हटलं. पोरीनं माझा हात घट्ट धरला. तिला हवं होतं ते मिळालं होतं आणि तरी ती हमसून हमसून रडत होती.

ती निघाली त्या सकाळी मी दही घातलं, तिनं "येते" म्हटलं. सगळं रीतसर झालं. नवरा तिला विमानतळावर सोडायला गेला. आजीबाईंचं विमान दोन दिवसांनी होतं, म्हणून घरात त्या आणि मी उरलो. मी फाटकापाशी उभी राहून गाडी दिसेनाशी होईपर्यंत बघितलं आणि आत आले, तर आजीबाई दारामागचा झाडू घेऊन वाकलेल्या.

मी ओरडले, "नको!"

त्या दचकल्या, झाडू हातातून पडला. मला वाईट वाटलं. त्यांना खुर्चीत बसवलं आणि माझ्या मोडक्या इंग्रजीत सगळं सांगितलं: पोचल्याचा निरोप, घर, केस, मयत. त्या लक्ष देऊन ऐकत होत्या.

"माझी आई वळणावरून परत आली," त्या म्हणाल्या, "आणि पहिलं काम केलं ते झाडायचं. रात्रभर नाचून जमीन धुळीनं भरली होती. तिनं सगळं झाडून बाहेर लोटलं, मग कोपरान् कोपरा घासला. मलाही हातात फडकं दिलं. मोकळं बसलं की रडू येतं म्हणायची."

मग त्यांनी विचारलं, "निरोप यायला आठवडेच्या आठवडे लागले तर?"

"तरी नाही झाडायचं."

"राहिलो असतो आम्ही तेवढे दिवस धुळीत," त्या म्हणाल्या. "काही बिघडलं नसतं." आणि मी त्यांना पहिल्यांदाच डोळे पुसताना बघितलं.

दोन दिवसांनी सकाळी पोरीचा मेसेज आला. मधे कुठंतरी विमान चुकलं होतं, म्हणून उशीर झाला होता. पोचले, खोली बरी आहे, दुकानात मेथी मिळते. मी झाडू हातात घेतला, तेवढ्यात आजीबाईंची गाडी दारात आली. मी झाडू परत दारामागं ठेवला.

नवऱ्यानं बघितलं. "आता हिच्यासाठी पण?"

"व्हय," मी त्याच्याच सुरात म्हटलं.

आजीबाई चप्पल घालता घालता थांबल्या. त्यांनी जमिनीकडं बघितलं, मग दारामागच्या झाडूकडं. विचारलं, "माझ्यासाठी?" मी मान डोलावली. सारा जन्म त्या माणसं पोचायची वाट बघत राहिल्या होत्या. त्यांच्या पोचण्याची वाट बघणारं घर त्यांना कधी मिळालं नव्हतं, कारण त्या कधी गेल्याच नव्हत्या. त्यांनी माझा चेहरा दोन्ही हातांत धरला. मी त्यांच्या हातावर दही घातलं, ते त्यांनी चाटून खाल्लं आणि नवऱ्याकडं वळून म्हणाल्या, "लई भारी."

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांचा मेसेज आला. "पोचले. घर गार पडलंय. आता झाडलंस तरी चालेल. घाई नाही."

मी पदर खोचला. बैठक झाडली, स्वयंपाकघर झाडलं, गॅलरी झाडली. मागच्या खोलीच्या दारात गेले, तर कॉटखाली पोरीच्या लांब केसांचा गुंता पडला होता, विंचरताना टाकलेला. लहानपणापासून मी त्यावरून तिला ओरडत आले होते. मी दार ओढून घेतलं.

संध्याकाळी नवरा शेतावरून आला, घरभर फिरला आणि म्हणाला, "मागची खोली झाडायची राहिली की गं."

"राहू द्या," मी म्हटलं.