मादोगचा पाट

मादोग बेव्हनला पिकाला पाणी द्यायचं वेडच होतं. त्याचा जन्म पॅटागोनियात, चुबुतच्या खोऱ्यातला. तिथे पाट नाही तर पीक नाही. वेल्स सोडून तिकडे गेलेल्या आमच्या बापजाद्यांनी नदीतून पाट काढले आणि पुढे त्याच नदीने आमची घरंदारं धुऊन नेली. मग आम्ही कॅनडाच्या या गवताळ माळावर आलो. मादोगने येताना गव्हाचं एक पोतं आणलं. बापाने वर्षानुवर्षं ओंबी ओंबी निवडून जपलेलं बी होतं ते.

मे महिन्यात त्याने ते सगळं पेरलं.

"थोडं मागे ठेव की," बायको लुनेद म्हणाली.

"बी काय शोभेला ठेवायचं असतं?"

मग पठ्ठ्याने ओढ्यापासून शेतापर्यंत पाट खणला. आम्ही हसलो. "अरे, इथे आभाळ पाणी देतं!"

"तुम्ही बसा आभाळाकडे बघत," तो म्हणाला.

त्याचा गहू छातीला लागला. रविवारी चॅपल सुटलं की सगळे बघायला जात. आम्ही हसायचं विसरलो, खोटं कशाला बोला.

ऑगस्टच्या मध्यावर शेजारचा मॅकफी आला. त्याचे इथे पाच हिवाळे झालेले. त्याने एक ओंबी चुरडली.

"हा तर अजून चिकात आहे, दाणा घट्ट झालाच नाही! पाणी कधी दिलंस?"

"पंधरवडा झाला."

"अरे शहाण्या, इथे पिकाला जरा तहान लागू द्यायची, म्हणजे ते लवकर पिकतं. महिनाअखेरीला पाणी गोठवणारी थंडी पडली की असा ओला दाणा संपलाच!"

मादोग धावत गेला आणि त्याने पाटाचं तोंड बुजवलं. पण पिकाने पिऊन टाकलेलं पाणी परत कसं काढणार?

सगळ्यांची शेतं पिवळी झाली, कापून झाली. त्याचं हिरवंगार. तो दिवसभर बांधावर बसून ओंब्या दाबून बघायचा.

"बघत बसल्याने पिकणार आहे का? जेवायला चल," लुनेद म्हणाली.

"मग काय करू, सांग ना!"

तीही शेजारी बसली.

पाट बुजवल्यापासून तेराव्या सकाळी बादलीतल्या पाण्यावर बर्फाची साय होती. शेत मात्र हिरवंच दिसत होतं, आणि वेड्याला वाटलं, वाचलो. दुपारच्या उन्हात सगळं पीक उकडलेल्या भाजीसारखं काळपट पडून माना टाकू लागलं.

लुनेद पिशवी घेऊन आली. "बियापुरतं तरी निघेल ना?"

त्याने एक दाणा तिच्या तळव्यावर ठेवून अंगठ्याने दाबला. नुसतं साल आणि पाणी.

थोडं मागे ठेव म्हटलं होतं, असं ती बोलली असती तर त्याला बरं वाटलं असतं. तिने रिकाम्या पिशवीची घडी घातली.