राठौरांच्या घरचं सांत्वन

हसायचं असेल तर खुशाल हसा, फक्त हातातला चहा आधी खाली ठेवा. असा गाढवपणा माणसाच्या हातून एकदाच होतो, आणि तोही दिवसाढवळ्या, चारचौघांत.

त्या दिवशी विशेष काही नव्हतं. मी कुकरची शिट्टी टाचणीने साफ करत बसलो होतो. माझी बायको शीला गेल्यापासून माझं हे असंच चाललंय. एका जागी बसवत नाही. कपाट हलव, मग ते परत जागेवर आण. उज्जैनच्या या नानाखेड्यात माझ्या घराइतकी स्वच्छ पंख्याची पाती कुणाकडे नसतील.

तेवढ्यात चर्चच्या पाळकसाहेबांचा फोन आला. "सर, तुमच्या मागच्या गल्लीत, बगीच्यासमोर, एक वृद्ध गृहस्थ वारले. आज उठावना आहे. जाऊन येता का?"

आमच्या चर्चला या कॉलनीत नवी मंडळी, म्हणजे उपासकांचा गट, उभी करायची होती. पण इथे ती रुजवली शीलाने. तिने कधी उपदेश केला नाही. कुणाकडे आजारपण असो, मयत असो, ही डबा घेऊन जायची, जवळ बसायची आणि निघताना विचारायची, "प्रार्थना करू का?" तेवढ्यावर दर शुक्रवारी प्रार्थनेला आमच्या घरचा हॉल भरायचा. ती गेली आणि शुक्रवार ओस पडला. पाळकसाहेब आडून आडून म्हणाले होते, कुणीच येत नसेल तर चर्चच्या खुर्च्या दुसऱ्या कॉलनीत नेऊ.

त्या खुर्च्या घडी होऊन दाराबाहेर जाताना बघणं मला झेपणार नव्हतं. म्हणून तर शिट्टी तशीच टाकून निघालो.

उठावना म्हणजे इकडची मयतीनंतरची शोकबैठक. ती ओळखायला काय लागतं? बाहेर मंडप, चपलांचा ढीग, आत जमिनीवर पांढरी चादर, पुरुषमाणसं गप्प. बगीच्यासमोर हे सगळं होतं. आणि मधोमध बसलेल्या यजमानांचं डोकं चक्क तुळतुळीत! सांगा, तुम्ही तरी वेगळं काय समजला असता?

मी हात जोडून बसलो. कुणी बोलेना. एकीकडची माणसं छताकडे बघत होती, दुसरीकडची चादरीकडे. एवढं गाढ दुःख मी आजवर पाहिलं नव्हतं.

शेवटी मीच हिंदीत हळूच विचारलं, "आपकी इजाज़त हो तो प्रार्थना कर दूँ?" सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं आणि माना हलवल्या. मी शीलाची प्रार्थना म्हणायला लागलो. 'हे प्रभू, या घराला धीर दे, रिकाम्या जागेत तू येऊन बस...' आणि तिथे माझा आवाजच गेला. इतक्या महिन्यांत मी रडलो नव्हतो. दफनभूमीत नाही, घरात नाही. इथे परक्यांच्या चादरीवर हमसून हमसून रडलो. कुणीतरी पाणी दिलं, कुणीतरी पाठीवर हात ठेवला.

पलीकडचे एक काका गहिवरून म्हणाले, "अब आप ही बोलो साहब, आप बुजुर्ग हो। यहीं करें या इंदौर?"

मला वाटलं, तेराव्याचं चाललंय. मी डोळे पुसत म्हणालो, "जो करना है, घर के पास ही कीजिए। और ज़्यादा तामझाम मत कीजिए।"

सभेत एकदम जीव आला. यजमान उठून त्या काकांच्या गळ्यात पडले. आतून बायकांचा हसण्याचा आवाज आला. मी दचकलो. इतक्यात कुणीतरी माझ्या तोंडात अख्खा पेढा कोंबला, आणि पडद्याआडून गुलाबी साडीतली एक मुलगी सरबताचा ट्रे घेऊन लाजत बाहेर आली.

तोंडात पेढा असताना माणसाला पळताही येत नाही, खरं सांगताही येत नाही.

ती होती सोयरीक. लग्न उज्जैनला करायचं की इंदूरला, यावर तासभर गाडं अडलं होतं. मुलीकडच्यांना वाटलं, मी मुलाकडचा कुणी वडीलधारा. मुलाकडच्यांना वाटलं, मुलीचा मोठा काका, तिच्या पाठवणीच्या विचारानेच रडतोय. अशा बैठकीत, 'तुम्ही कोण?' हे विचारायची प्रथाच नाही. आणि यजमानांचं, म्हणजे राठौरजींचं डोकं? ते तिरुपतीहून आले होते.

मी सटकत होतो, तर राठौरजींनी फाटकाशी गाठलं. "भाईसाब, आप हो किसकी तरफ़ से?"

मी सगळं सांगितलं. शीलाचंही. ते आधी पोट धरून हसले, मग एकदम थांबले. "वो डब्बेवाली मैडम? जो हमारी छोटी के टाइफाइड में दलिया लाती थीं?" मी मान हलवली. त्यांनी हात जोडले. मग बगीच्याच्या पलीकडे बोट दाखवून म्हणाले, "ग़मी तो उधर है, सर।"

पण तोंडाला पेढ्याचा वास येत असताना मयतीच्या घरी कसं जाणार? मी घरी आलो आणि शिट्टी पुन्हा साफ केली.

पुढच्या शुक्रवारी बेल वाजली. राठौरजी, त्यांची बायको, तीच मुलगी, आणि हातात डबा. म्हणाले, "देखो सर, हमें धरम-वरम नहीं बदलना है। आप अकेले हो, इसलिए बैठने आए हैं।" दोघं-तिघं शेजारीही मागोमाग आले. सगळे बसले. मी एक स्तोत्र वाचलं. निघताना वहिनींनी माझ्याच हॉलमध्ये मला विचारलं, "सर, हम आपके लिए प्रार्थना कर दें?"

आता दर शुक्रवारी येतात. पाळकसाहेब खूश आहेत. मी कॉलनीत काम उभं केलं, असं ते चर्चमध्ये सांगतात. आता त्यांना कसं सांगू, की या कॉलनीत सेवाकार्य चालू आहे हे खरं, पण ते कॉलनीचं माझ्यावर चालू आहे!

खुर्च्या आहेत तिथेच आहेत. बगीच्याच्या पलीकडच्या त्या घरी मी अजून गेलेलो नाही.