वरचा डावा कोपरा

उंदरांच्या डोळ्यांतल्या पेशी मोजणं हा काय पोटापाण्याचा उद्योग झाला? पण तो सत्तावीस वर्षं हेच करत होता, आणि प्रयोगशाळेत सगळे त्याला मोजणीकाका म्हणत. पलीकडच्या खोलीत पिंजरे होते. त्यातल्या उंदरांच्या जातीला वय झालं की काचबिंदू व्हायचाच. डोळ्यात दाब वाढायचा आणि दिसलेलं मेंदूकडे पोचवणाऱ्या पडद्यावरच्या पेशी एकेक करून मरायच्या. उंदराला त्याचा पत्ताही नसायचा. तो खायचा, धावायचा, मिशा साफ करत बसायचा. पुढे त्याचा पडदा काढून, चार चिरा देऊन फुलासारखा काचेवर पसरायचा आणि रंगवायचा, की वाचलेल्या पेशी हिरव्या ठिपक्यांसारख्या चमकायच्या. ते ठिपके काका मोजायचा.

संगणकाची मोजणीही आली होती, पण दाटीवाटीच्या जागी तो गोंधळायचा. प्रयोगशाळेच्या प्रमुख बाई म्हणायच्या, "संगणकाचं मी ऐकून घेते. विश्वास काकांवर ठेवते."

त्याची एक पद्धत होती. डावा डोळा मिटायचा, उजवा भिंगाला लावायचा. आत चौकोन दिसायचा, मधोमध फुली, आणि फुलीने पाडलेले चार कोपरे. नजर फुलीवर रोवायची आणि तसूभरही न हलवता चारी कोपऱ्यांतले ठिपके मोजायचे, वहीत चार खाने भरायचे. "नजर हलली की ठिपका दोनदा मोजला जातो," असं तो नव्या लोकांना ऐकवायचा. दुसऱ्या कुणाला ते साधत नसे. याचा त्याला गर्व होता, आणि का नसावा?

त्याच्या वडिलांना दिसेनासं झालं तेव्हा घरातले म्हणाले होते, मोतीबिंदू आहे, पिकू द्या, मग काढू. पिकायची वाट बघता बघता म्हातारा ठार आंधळा झाला. तो मोतीबिंदू नव्हताच, काचबिंदू होता. हे काकाला नोकरी लागल्यावर कळलं, तेही उंदरांमुळे. तो त्या दिवशी जेवला नाही. पण आपलाही डोळा दाखवून यावा, हे काही शहाण्याला सुचलं नाही. चष्म्याच्या दुकानात मात्र दर दोन वर्षांनी जायचा, शेवटच्या ओळीपर्यंत खडाखडा वाचायचा आणि छाती पुढे काढून परत यायचा. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

मग त्या वर्षी स्वयंपाकघरातल्या कपाटाचं दार त्याला लागू लागलं. वरचं, डावीकडचं. एकदा कपाळाला टेंगूळ आलं, पुढच्या आठवड्यात त्याच जागी दुसरं.

"अहो, लक्ष कुठे असतं तुमचं?" बायको म्हणाली.

"उंदरांत," तो म्हणाला, आणि दोघंही हसली. तिने दार उघडं न ठेवायची सवय लावून घेतली आणि विषय मिटला. तो मिटायला नको होता.

बाईंच्या नव्या औषधाचा प्रयोग तीन वर्षं चालला होता. एका दुपारी त्या त्याच्या टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या. "काका, औषध लागू पडत नाही. ज्यांना दिलं त्यांच्याही पेशी कमीच भरतायत. या शेवटच्या आठ स्लाइड मोजा. असंच निघालं तर सोमवारी बंद करते सगळं. उरलेले उंदीरही मग ठेवता येणार नाहीत."

त्याने डोळ्यांत तेल घालून मोजलं. चाळीस, एकेचाळीस, एकोणचाळीस, आणि वरच्या डाव्या खान्यात अठरा. दुसरी स्लाइड घेतली. वरच्या डाव्या खान्यात सतरा. त्याने वहीची जुनी पानं उलटली. गेल्या वर्षी तिथे तीस होते, त्याच्या आदल्या वर्षी सदतीस. कुठलाही उंदीर घ्या, पडद्याची कुठलीही पाकळी घ्या, ओस पडलेला कोपरा तोच. आजार कधी इतका शिस्तीचा असतो का? त्याने निरोगी उंदराची स्लाइड काढली, ज्याला ना आजार होता ना औषध. अठरा.

भिंगावर डाग असेल, तो स्वतःशी म्हणाला. मऊ कापडाने भिंग पुसलं. अठरा. मग त्याने स्लाइड उचलली आणि उलटी फिरवून ठेवली. मघाचा ओस कोपरा आता खाली उजवीकडे आला, आणि तिथे चाळीस ठिपके लखलखत होते. मघाशी खाली उजवीकडे ठणठणीत असलेल्या पेशी वर डावीकडे गेल्या होत्या. त्या भरल्या अठरा.

तेव्हा सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा त्याने नजर फुलीवरून उचलली आणि वरच्या डाव्या कोपऱ्याकडे नेली. सगळे ठिपके तिथेच होते. नजर फुलीवर आणली की ते जायचे. त्या जागी काळा डाग नाही, धूसरपणा नाही, हिरवट पार्श्वभूमी तेवढी व्यवस्थित. काही गेलंय हेसुद्धा कळत नव्हतं. उंदराला काय कळत असेल, याचं उत्तर त्याला बसल्या जागी मिळालं. तो घाबरला. "मेल्या त्या मेल्या, उरलेल्या वाचवायच्या," हे पेशींबद्दलचं वाक्य तो पाहुण्यांना हसत हसत सांगायचा.

अंदाजाने खाना भरून डोळ्यांवर कातडं ओढता आलं असतं. मोजणीशिवाय त्याला दुसरं येत तरी काय होतं? पण ज्यांचे आकडे चुकले ते उंदीर सोमवारी मरणार होते, आणि औषधही. तो वही घेऊन बाईंच्या खोलीत गेला.

"बाई, औषध बरं असेल तुमचं. मोजणारा बिघडलाय."

त्याने दोन्ही आकडे दाखवले. बाईंनी ते पाहिले, मग त्याच्या कपाळावरचं टेंगूळ पाहिलं. "बसा काका," एवढंच त्या म्हणाल्या, आणि स्वतः उठून त्याच्यासाठी पाणी आणलं.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी दोन्ही डोळे तपासले. उजवा जास्त गेला होता, डावा त्याच्या मागोमाग होता. रोज थेंब घालायचे, जन्मभर. "गेलेलं मात्र..." त्या अडखळल्या.

"परत येत नाही," तो म्हणाला. "ते मला पाठ आहे."

"हा आजार घराण्यात उतरतो. मुलं आहेत?" त्यांनी विचारलं.

मुलगी होती, एकतीस वर्षांची. "मला स्वच्छ दिसतं, बाबा," ती म्हणाली.

"मलाही स्वच्छच दिसत होतं. उद्या दवाखान्यात यायचं, ते काही सुटत नाही. पण आत्ता समोर बस."

उद्यापर्यंत त्याला धीर धरवत नव्हता. गुडघ्याला गुडघा लावून दोघं बसली. तिने उजवा डोळा झाकला, त्याने डावा. बायको दारात पदराशी चाळा करत उभी राहिली.

"माझ्या डोळ्यात बघ. नजर हलवायची नाही. बोटं दिसली की किती ते सांग."

त्याने हात वर डावीकडे लांब नेला आणि हळूहळू आत आणू लागला. तिच्या चेहऱ्यावरून त्याची नजर हलली नाही.

"दोन," मुलगी म्हणाली. "दोन बोटं आहेत, बाबा. केव्हाची दिसतायत."

त्याला अजून एकही दिसलं नव्हतं.