यासीनचाचांनी टाइप न केलेला ‘नाही’

पप्पांचा फोन आला तेव्हा मी वॉर्डात राउंडवर होते. कामाच्या वेळी ते कधी फोन करत नाहीत, म्हणून बाजूला होऊन घेतला. “यासीनभाई गेले गं,” एवढंच म्हणाले. सकाळी दुकान उघडलं, कॉम्प्युटर सुरू केला आणि पहिलं गिऱ्हाईक यायच्या आत... खुर्चीतच. उरलेले पेशंट बघून झाल्यावर मी जिन्यात जाऊन बसले. त्याला आता सहा आठवडे झाले.

कुवेतमध्ये मिरकाब भागातल्या ज्या जुन्या इमारतीत आम्ही राहतो, तिच्या तळमजल्यावर यासीनचाचांचं टायपिंगचं दुकान. सरकारी अर्ज अरबीत भरून हवा असला की आसपासची सगळी भारतीय माणसं त्यांच्याकडे जात. ते मूळचे रत्नागिरीकडचे, खाडीकाठचे. विशीत इथे आले, अरबी ऐकून ऐकून शिकले, मराठी मात्र गावचीच ठेवली. पप्पा मीना अब्दुल्लाच्या रिफायनरीत. त्यांची नि चाचांची दोस्ती माझ्या जन्माआधीची. मी शाळेत असल्यापासून चाचा मला ‘डाक्टरीण’ म्हणायचे, आणि मलाही तसं म्हणवून घ्यायला आवडायचं.

बारावीनंतर मी डॉक्टरी शिकायला युरोपात गेले. दुसऱ्या वर्षी माझं बिनसलं. एकटं वाटायचं, सकाळी उठवत नसे, लेक्चरना जाणं थांबलं. दोन विषयांत नापास झाले. कॉलेजनं सहा महिने प्रोबेशनवर ठेवलं... या सत्रात सुधारणा दिसली नाही तर नाव कमी करू, असं पत्रच दिलं. मग मी उठले, अभ्यास केला, पास झाले, पुढची वर्षं चांगल्या मार्कांनी काढली. घरी मात्र यातलं अक्षर सांगितलं नाही. पप्पा मित्रमंडळींत माझं कौतुक करायचे, तेव्हा मी विषय बदलायचे.

परत आल्यावर हॉस्पिटलात प्रशिक्षण घ्यायचं तर आधी त्याचं लायसन्स हवं होतं. अर्ज घेऊन मी चाचांच्या समोर बसले. ते एकेक प्रश्न मराठीत सांगत, मी उत्तर देई, त्यांची बोटं चालत. एका प्रश्नाशी ते म्हणाले, “शिकताना कॉलेजनं कधी प्रोबेशनवर ठेवला होता का?” मी म्हटलं, “नाही.” पण बहुतेक उशिरा म्हटलं. त्यांनी कीबोर्डवरून हात काढले.

“परत विचारू?”

मी मग सगळं सांगून टाकलं, आणि शेवटी म्हटलं, “मार्कशीटवर ते कुठेच नाही, चाचा. कुणाला कळणार नाही.”

त्यांनी खुर्ची माझ्याकडे वळवली. मग म्हणाले, “एक टेक्निशियन होता, आपल्याकडचाच. जुन्या नोकरीत त्याच्यावर कारवाई झालेली. मला ठाऊक होता, तरी मी ‘नाही’ टाइप केला. दोन वर्षांनी निघाला ना बाहेर. तिथले साहेब म्हणाले, तेव्हाच लिहिला असतास तर चाललं असतं. बायकापोरांना घेऊन परत गेला तो... सही त्याची होती, पण बोटं माझी होती.”

त्यांनी मला कोरा कागद दिला आणि काय झालं ते मराठीतच लिहायला सांगितलं, भाषांतर ते करणार होते. मी पानभर लिहिलं... तिथली थंडी, एका प्रोफेसरचा त्रास, सगळंच. त्यांनी चष्मा वर करून वाचलं आणि पेनानं ओळी खोडायला लागले. “थंडीचा काढ. प्रोफेसरचा काढ. तुझी तब्येत बरी नव्हती, मदत मागितली नाहीस, हे ठेव. मग अभ्यास केलास, हेही ठेव.” शेवटी पाच वाक्यं उरली. “आता हे पप्पांना वाचून दाखव. मग टाइप करतो.”

नेमके तेव्हाच पप्पा कामावरून येताना दुकानात डोकावले. मी उभ्यानंच वाचलं. पप्पांनी कागद हातात घेतला, घडी घातली, परत उघडला. “तू तिकडे आजारी होतीस... आणि मला माहीत नाही?” मार्कांबद्दल ते एक अक्षर बोलले नाहीत. पण पुढचे कितीतरी दिवस ते जेवण लवकर आटपून टेबलावरून उठून जायचे.

खरं लिहिल्याची किंमत मोजावी लागली, हे लपवत नाही. माझा अर्ज वेगळ्या समितीकडे गेला, तिथे अडकला आणि त्या वर्षीची माझी जागा गेली. बरोबरीच्या मैत्रिणी एप्रन घालून कामाला लागल्या, मी घरी. चाचांना त्याचं फार लागलं होतं. एकदा म्हणाले, “डाक्टरीण, मी तुझा वर्ष घालवला काय गो?” मी म्हटलं, “वर्ष माझंच होतं, चाचा.” ते मी धीर द्यायला म्हटलं नव्हतं. त्या काळात पहिल्यांदाच मला रात्री नीट झोप लागत होती.

समितीसमोर बोलावणं आलं तेव्हा तिथल्या ज्येष्ठ डॉक्टर बाईंनी तीच पाच वाक्यं पुढ्यात ठेवली होती. त्यांनी एकच विचारलं, पुन्हा तसं वाटलं तर काय कराल? “त्याच दिवशी माझ्या वरिष्ठांना सांगेन,” मी म्हटलं. लायसन्स मिळालं. पुढे प्रशिक्षणात दोन वेळा मला खरोखर जड गेलं, आणि दोन्ही वेळा मी त्याच दिवशी सांगितलं. मी आज चांगली डॉक्टर आहे, हे मी संकोच न करता म्हणू शकते.

चाचांना इथल्याच मातीत ठेवलं. तिसऱ्या दिवशी त्यांच्या घरी माणसं जमली होती, बरीचशी त्यांच्याकडून अर्ज भरून घेतलेली. कुणाच्या बायकोचा व्हिसा, कुणाच्या मुलाचा शाळाप्रवेश, ज्याची त्याची आठवण निघत होती. पप्पा कोपऱ्यात बसले होते. चार वर्षांत त्यांनी माझ्या त्या सत्राचा उल्लेख बाहेर कुणाजवळ केला नव्हता, आणि ते कधी करणारही नाहीत, असं मी गृहीत धरलं होतं. बोलणं जरा थांबलं तसे ते घसा साफ करून म्हणाले, “माझी मुलगी दुसऱ्या वर्षाला नापास झाली होती. प्रोबेशनवर होती. यासीनभाईंनी तिला ते अर्जात लिहायला लावलं.”

खोलीत दोन-चार माना माझ्याकडे वळल्या. पप्पांनीही पाहिलं, आणि त्याच आवाजात पुढे म्हणाले, “ही बघा, ही. आज डॉक्टर आहे.”